रंधाकाकांची सुटलेली भिंत

रंधाकाका सुतार. त्यांच्या कपाटात किंवा पलंगात कुणाला खिळ्याचं डोकं दिसलं असेल तर शपथ! हात फिरवावा तर लोणी. म्हणून लोकांनी त्यांना रंधा नाव ठेवलं आणि काकांनीही ते बिरुदासारखं मिरवलं. काम सोडल्यावर त्यांनी मनावर घेतलं, की गाडीमागे जोडून न्यायची एक छोटी खोली बांधायची, आत दोन गाद्या, एक शेगडी, आणि काकूंना घेऊन हिंडायचं.

खोलीखालचा लोखंडी सांगाडा लेकीनं केला. ती एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होती. सांगाड्याच्या कडेनं तिनं भोकंही पाडून दिली आणि बजावलं, "बाबा, भिंतीची खालची पट्टी, तळाचं प्लायवूड आणि हे लोखंड, तिन्हींतून आरपार बोल्ट घाला. हे कपाट नाही, रस्त्यावर धावणार आहे."

"आता तू मला सुतारकी शिकव," काका हसले.

भिंती उभ्या करताना त्यांनी एक बोल्ट पट्टीवर ठेवून पाहिला. पॉलिश केलेल्या लाकडावर ते जाडजूड डोकं म्हणजे नाकावरचा फोडच! बोल्ट डब्यात गेले. काकांनी गोंद लावला, बारीक स्क्रू नुसते प्लायवूडमध्ये पिळले, खाचांत पुट्टी भरून घासून टाकलं. लेकीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळं पक्कं झालंय."

पहिल्याच सहलीला लेक गाडी चालवत होती. उतारावर वारा आडवा लागला, चाक खड्ड्यात आपटलं आणि मागून काहीतरी करकरलं. थांबून बघतात तो उजवी भिंत खालून सुटून झुलत होती. गाद्या, पातेली, काकूंचे कपडे, सगळा संसार रस्त्यावर. येणारे-जाणारे थांबून सामान वेचू लागले. एकानं काकूंचा परकर अदबीनं घडी घालून आणून दिला. काकांना धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

लेकीनं वर्कशॉपच्या मालकांना बोलावलं. ते टेम्पो घेऊन आले. "काय झालं, काका?"

सगळे काकांकडे बघत होते.

"हिचं वेल्डिंग कच्चं राहिलं," काका म्हणून गेले. "सांगाडाच हलला."

लेकीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दोरखंड बांधायला लागली. मालक खाली वाकले, उठले, आणि "बघू" एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, पोर अन्नाला शिवली नाहीये." काकाही ताटावरून उठले. ते अंगणात जाऊन सांगाड्याखाली शिरले. वेल्डिंग जिथल्या तिथे, कुठे केसाएवढीही चीर नाही. फक्त भोकं रिकामी. हे त्यांना ठाऊकच होतं. तरी डोळ्यांनी पाहिल्यावर कान तापले.

स्वयंपाकघरात लेक पाणी पीत होती. "चुकलं माझं," ते पुटपुटले.

"बोल्ट नव्हते हे मला रस्त्यातच कळलं, बाबा. पण नाचक्की केलीत माझ्या मालकांसमोर, आणि माफी इथे मागताय?"

दुसऱ्या दिवशी काका वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. दोनदा मागे वळले. शेवटी गेले. कामगार मान वर करून बघायला लागले, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "हिचं वेल्डिंग पक्कं होतं. बोल्ट मीच घातले नाहीत. वाईट दिसतील म्हणून. आणि खोटंही मीच बोललो."

मालकांनी हात पुसले. "वाकलो तेव्हाच दिसलं होतं, काका. तुमच्या वयाकडे बघून गप्प बसलो."

त्यापेक्षा त्यांनी चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं. कोपऱ्यात लेक तोंडावर मुखवटा घेऊन काम करत होती. ठिणग्या थांबल्या नाहीत.

सुट्टीच्या दिवशी मात्र तिनंच ड्रिल बाहेर काढलं. भिंत परत बसवली. ती वरून बोल्ट घालत होती, काका खाली उताणे पडून पान्यानं नट धरत होते.

"धरलंय?"

"धरलंय."

काकूंनी दारातून हाक मारली, "अहो, चहा निवतोय, बाहेर या की!"

"आलो," काका म्हणाले, आणि तिथेच पडून राहिले. तिथे त्यांचं तोंड कुणाला दिसत नव्हतं.