रिमला चिकटवलेले टायर

आखातातल्या नोकरीवर निघताना दादाने आपली शर्यतीची सायकल मला दिली. तरुणपणी तो ती घेऊन गोव्यातल्या शर्यतींना जायचा. मी शिकवायचे ती शाळा वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरापासून सात किलोमीटरवर, आणि पहिली एसटी पोचायची ती प्रार्थना होऊन गेल्यावर. म्हणून मी मुख्याध्यापकांकडून साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायची परवानगी काढली आणि सायकलने जायला लागले. एका हाताने उचलता येईल इतकी हलकी सायकल. पंधरा दिवस मी खूश होते.

मग वाटेवर कोणीतरी करवंदीचं कुंपण छाटलं आणि माझा मागचा टायर बसला. नाक्यावरच्या सायकलवाल्याने तो दाबून, चाक फिरवून पाहिलं.

"बाईनू, हेका ट्यूब खंय आसा?"

मला तरी कुठे माहीत होतं. त्या संध्याकाळी दादाला फोन लावला.

"तो ट्युब्युलर टायर गो," तो म्हणाला. "ट्यूब आतच शिवलेली असता, आणि टायर रिमाक चिकटवतत. शिवण उसव, पंक्चर काढ, परत शिव आणि चिकटव. कठीण नाय."

"आणि साधो टायर घातलो तर?"

"क्लिंचर? तो ह्या रिमार बसूचोच नाय, रिमा बदलूक व्हयी. आणि तसला काय करू नको. गाडयेची मजा जातली."

रविवारची सगळी दुपार मी उंबऱ्यात बसून टायर शिवला. जाड दोरा, जाड सुई, बोटांना भोकं. सोल्युशन लावून रात्रभर वाळत ठेवला. दहा दिवसांनी पुन्हा काटा. मग पुन्हा. आमच्या रस्त्यावर डांबर कमी आणि जांभ्याचे टोकदार खडे जास्त. महिन्यातून दोन-तीनदा मी सायकल ढकलत, घामाने भिजून वर्गात शिरायचे आणि मुख्याध्यापक मान वर न करता मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे.

एप्रिलमध्ये भर उन्हात घरी येताना उतारावरच्या वळणावर पुढचा टायर रिमवरून सरळ निसटला. उन्हाने सोल्युशन मऊ झालं होतं. माझं कोपर सोललं, आणि पिशवीतले चौथीचे पेपर गटारात पडले. ते एकेक उचलून ओढणीने पुसताना मला रडू आलं, ते दुखण्यामुळे नव्हतं.

"सोल्युशन नीट लागला नसतला," दादा फोनवर म्हणाला.

मी फोन ठेवला. सायकलवाला तर कधीपासून सांगत होता की या मापाच्या साध्या टायरच्या रिमा कोल्हापुरात मिळतील, तो चाकं बांधून देईल. पण सायकल दादाची, आणि तो हो म्हणत नव्हता. मी शिवत राहिले.

वर्षभराने तो रजेवर आला. मी म्हटलं, "उद्या रविवार. माझ्या शाळेपर्यंत सायकलीन जावन ये."

तो हसला. चेनला तेल घातलं, सीटखाली एक जादा टायर बांधला आणि आठला निघाला. एक वाजता सायकल खांद्यावर घेऊन चालत आला. पहिल्या काट्याला त्याने टायर बदलला होता. दुसऱ्याला काही इलाज नव्हता. दोन तांबे पाणी प्यायला आणि पायरीवर बसला.

"रस्त्यार किती काटे गो."

"रोज असतत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः एसटीने कोल्हापूरला जाऊन रिमा घेऊन आला. सायकलवाल्याने चाकं बांधली, साधे टायर चढवले. दादाने अंगणातून एक फेरी मारली आणि म्हणाला, "जड झाली." झाली होतीच. शाळेच्या चढावर मलाही ते जाणवायचं. पण पुढच्याच आठवड्यात काटा लागला तेव्हा सायकलवाल्याने ट्यूब ओढून बाहेर काढली, घमेल्यातल्या पाण्यात धरून भोक शोधलं, आणि मी प्रार्थनेआधी शाळेत होते.

तरी माझा राग गेला नाही. मी वर्षभर फोनवर सांगत होते ते त्याला पटलं नव्हतं. त्याची स्वतःची एक सकाळ फुकट गेली तेव्हा लगेच पटलं. तो परत निघाला त्या दिवशी हे त्याला सांगायचं ठरवलं होतं. पण तो बॅग बांधत होता, आणि मी त्याला कोकमं बांधून देत राहिले.