शांताक्कांचं ‘येते’

मंडळींनो, आज तुमच्यापुढे कान पकडतो.

आपल्या मंडळाच्या वेबसाइटवरून निमंत्रणाचे ईमेल जातात, उत्तरंही तिथेच येतात. ही सोय मीच शिकून केली. उत्तरात ‘येतो’, ‘येते’ दिसलं की नाव आपोआप हजेरीत. रोज आकडा वाढायचा आणि आम्ही खूश.

आज मेळाव्यात सरस्वतीपुरमच्या शांताक्का दिसल्या नाहीत. शेजारणीला फोन केला. “अय्यो, त्या कालच मुलाकडे गेल्या की, कायमच्या!”

मग त्यांचं उत्तर उघडलं. “घर सोडतेय. निघण्याआधी कुणी भेटायला याल का? बरं, येते.”

त्यावर वेबसाइटनं कळवलं होतं, “धन्यवाद! तुमची खुर्ची राखून ठेवली आहे.”

निघताना आपल्यात कुणी ‘जाते’ म्हणत नाही, हे यंत्राला काय कळणार? पण एवढ्या मोठ्या मंडळात ते पत्र वाचायला माणूस एकही नसावा?