रुमालाखालची बोटं

उत्रोलीच्या मामांइतका निर्दय आणि तरीही इतका मायाळू परीक्षक माझ्या चित्रांना पुन्हा मिळाला नाही आणि मिळायचाही नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. सारं भोर त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. धंदा बैलांच्या दलालीचा, वय साठीच्या आसपास, आणि मिशा अशा की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं उगीच वाटावं. मी तेव्हा संस्थानच्या कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून होतो. शाळेचे ड्रॉइंग मास्तर दर रविवारी सकाळी हौशी मंडळींना चित्रकला शिकवीत. मंडळी म्हणजे मी एकटाच. एका रविवारी मामांनी दारात वहाणा काढल्या, आत आले आणि मास्तरांना म्हणाले, "मला एक बैल काढायचाय. बेंदराच्या आत." बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, दहा महिन्यांवर होता. मास्तरांनी त्यांना आधी सरळ रेघ ओढायला बसवलं, तर मामा दोन महिने सरळ रेघच ओढत बसले. कंटाळा म्हणून काही असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कुठलीही वस्तू ते बैल असल्यासारखी पाहत. टेबलावर पितळी तांब्या मांडला की आधी त्याच्याभोवती एक फेरी, मग बुडावर थाप, मग तोंडात बोटं घालून आतून चाचपणी. मी समोरून दिसणारा तांब्या काढला. मामांनी त्याच्या पाठीमागचा पोचा काढला, तोही पुढच्या बाजूला आणून. अहो, तो इथून दिसतच नाही, असं मास्तर काकुळतीला येऊन सांगू लागले. मामा म्हणाले, "दिसत न्हाई म्हनूनच दावाया पायजे. खोड लपवून म्या कधी जनावर इकलं न्हाई." खोड हा त्यांचा लाडका शब्द. बैल मारका असला तर ती त्याची खोड, औताला बसत असला तर तीही खोड, आणि माझा उभा खांब जरासा कलला तर तीसुद्धा खोडच. खोडरबर मात्र त्यांनी एकदाच हातात घेतलं. नावावरून त्यांनी फार आशा बाळगली होती, पण दोन मिनिटांत कागदाला भोक पडलं. घासून खोड जात नसते असं म्हणत त्यांनी ते मला देऊन टाकलं. त्यानंतर एक रेघ चुकली तरी ते नवा कागद घेऊन पहिल्यापासून सुरुवात करीत. शेवटी मास्तरांनी त्यांना जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी द्यायला सुरुवात केली.

एकमेकांची चित्रं तपासायची पद्धतही मामांचीच. मास्तर चुका इतक्या मोठ्यानं सांगत की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही त्या पाठ व्हाव्यात, आणि माझं तोंड एवढंसं होई. मामांना ते बघवेना. बैलबाजारात सौदा करताना हातावर रुमाल टाकून, आतल्या आत एकमेकांची बोटं दाबतात, म्हणजे भोवतालच्यांना भावाचा पत्ता लागत नाही. इथंही तसंच ठरलं. जितक्या खोडी तितकी बोटं दाबायची; खोड कुठली, हे ज्याचं त्यानं शोधायचं. एकही खोड नसली तर नुसती मूठ मिटायची. खोलीत आम्ही तिघंच असताना हे लपवायचं कुणापासून, असं विचारायची छाती ना माझी झाली ना मास्तरांची. मिटलेली मूठ माझ्या वाट्याला कधीच आली नाही. मी काढलेल्या राजवाड्याला मामांनी पाचही बोटं दाबली, हात सोडला, आणि पुन्हा धरून आणखी दोन दाबली. त्या सात खोडी शोधण्यात माझे तीन रविवार गेले. मला राग आला होता, पण सातही खऱ्या निघाल्या.

एवढी खटपट एका बैलासाठी का, हे त्यांनी मला पावसाळ्याच्या तोंडाशी सांगितलं. हरण्या हा त्यांच्या घरचा बैल, मामींनी वासरापासून वाढवलेला. एका बाजारात ओळखीच्या व्यापाऱ्यानं त्याला मागितलं आणि मामांनी थट्टेत रुमालाखाली बोटं दाबली. समोरच्यानं ती खरी धरली. दलालाला दाबलेली बोटं परत घेता येत नाहीत. हरण्या वरंधा घाट उतरून कोकणात गेला, तिथून आणखी कुठं गेला, ते कळलं नाही. मामी भांडल्या नाहीत. फक्त दर बेंदराला पुरणपोळीचा एक नैवेद्य त्याच्या रिकाम्या खुंट्यापुढं ठेवीत आणि त्या दिवशी मामांशी एक अक्षर बोलत नसत. "भांडली आसती तर बरं व्हतं," मामा म्हणाले. "ह्या बोटांनी घालवला, आता ह्याच बोटांनी आनायचा."

बेंदराआधीच्या रविवारी त्यांनी चित्र आणलं. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, चारही पाय, सगळं जिथल्या तिथं होतं. मी हात रुमालाखाली घालून एक बोट दाबलं, आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला, कारण मामांची खोड मला पहिल्यांदाच सापडली होती. मामांनी आजवरचा नियम मोडून विचारलं, "कोन्ती?" मी डाव्या शिंगावर बोट ठेवलं. ते उजव्यापेक्षा बरंच खाली वाकलं होतं. मामांच्या मिशा हलल्या. "ती माझी न्हाई, त्याची हाय. वासरू व्हता तवा दारात आडकून मुरगाळलंय," ते म्हणाले, आणि मग हळूच, "आता तुजी मामी वळकंल का न्हाई, तेवढंच ऱ्हायलंय."

बेंदराला त्यांनी मला हट्टानं उत्रोलीला नेलं. गोठ्यात खुंट्यावरच्या भिंतीला चित्र चिकटवलं होतं. मामी ताट घेऊन आल्या आणि थबकल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मामांनी खांद्यावरचा रुमाल ओढून त्याखाली माझा हात धरला. मामींनी बैलाचं तोंड पाहिलं नाही, पाय पाहिले नाहीत. डाव्या शिंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आजून दुखतंय का रं?" मग त्यांनी कागदावरच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि तूप लावलेली पोळी त्याच्या तोंडाला टेकवली. दहा महिन्यांच्या कामावर भला मोठा तुपकट डाग पसरला. मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "किती?" मी त्यांच्या हातात मूठ मिटली. त्यांनी ती बराच वेळ सोडली नाही. मग मामी वळून मामांनाच म्हणाल्या, "हात धुवा, पानं वाढते."

मामा आता नाहीत. मी अजून चित्रं काढतो, लोक चांगली म्हणतात, आणि मला ते फारसं खरं वाटत नाही. चित्र पुरं झालं की माझा उजवा हात आपसूक पुढं येतो. तो धरून निदान सात बोटं दाबणारं कुणीतरी हवं होतं.