तळव्याएवढी कोरडी जागा

आधीच सांगते, भुताखेतांची टिंगल करण्यात माझा जन्म गेला. कुणाच्या अंगात आलं की मी पदर तोंडाला लावून हसायची. तेव्हा "आता म्हातारी घाबरली" असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. घडलं तेवढं लिहिते.

आमचं घर सणसरजवळ, उसाच्या रानात. कारखान्याचा सिझन सुरू झाला की धुराड्याची काजळी उडत येते आणि अंघोळीच्या पाण्यावर तरंगते. म्हणून मी मोठ्या हुशारीनं बाथरूमच्या खिडकीत युरियाचं रिकामं पोतं कोंबलं. काजळी थांबली... पण वाफही आतच राहिली. गुडघ्यापर्यंतच्या टाइल्स सोडल्या तर वरची सगळी भिंत बुरशीनं काळी. सून संगीता ब्लीचिंग पावडर लावून घासायची. आठवड्यात बुरशी परत हजर!

"आई, ते पोतं काढा बरं. आन धरायला एक दांडी बसवू. पाय घसरला म्हंजी?"

"दांडी म्हाताऱ्यांना लागती," मी म्हणाले. "मी काय म्हातारी हाय व्हय?" वय फक्त बहात्तर.

आता माझ्या जुन्या शहाणपणाची गोष्ट ऐका. याच जागी पूर्वी आमची न्हाणी होती. तिथं माझ्या सासूबाई अंघोळ करायच्या. आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात अर्धं गेलेलं. गुडघे थकल्यावर त्या म्हणायच्या, "सुमन, धरायला एक खुंटी ठोकून घे गं."

आणि मी, वेणीत आबोली माळून मिरवणारी दीडशहाणी, म्हणायची, "भिंत हाय की आत्याबाई! ती कुठं पळून चाललीय?"

त्या हसायच्या. भिंतीला तळवा टेकून हळूहळू उठायच्या. खुंटी काही मी ठोकली नाही... त्या गेल्या. पुढं ती न्हाणी पायासकट पाडली आणि नवी बाथरूम बांधली. म्हणजे भिंतसुद्धा ती नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

गेल्या पौषातली सकाळ. अंघोळ उरकून पाटावरून उठले आणि पाय सटकला. हात भिंतीवर आपटला. तोही त्या बुळबुळीत बुरशीवरून घसरायचा... पण घसरला नाही. घट्ट टेकला. हाताखाली कोरडं लागलं, आणि कोमट.

हात उचलून बघितलं. सगळ्या काळ्या भिंतीत तळव्याएवढीच जागा स्वच्छ. पाच बोटं – मधलं अर्धं. आणि माझ्या अख्ख्या मधल्या बोटाचं टोक तेवढं बुरशीनं काळं झालेलं.

"संगीताऽऽ!"

ती धावत आली. "आई, तुमीच रोज हात टेकत आसाल हितं."

"माझं बोट बघ की गं. हाय का तुटलेलं?"

तिनं भिंतीकडं बघितलं, माझ्या बोटाकडं बघितलं. "मागल्या आठवड्यात घासलं, तवा तर हे न्हवतं..." आत्याबाईंना तिनं कधी पाहिलेलं नाही. मी त्यांचं बोट, खुंटी, माझं ते उत्तर, सगळं सांगितलं. सांगताना रडले, लपवत नाही. तिनं मला पाटावर बसवलं, पदरानं माझं बोट पुसलं.

"आता तरी बसवायची का दांडी?"

"बसव. दोन बसव!"

पोतं निघालं. लेकानं स्टीलची दांडी बसवली. आणि चारच दिवसांत ती कोरडी जागाही बाकीच्या भिंतीसारखी काळी झाली. जणू काम झालं, हात काढून घेतला...

लेक म्हणतो, भिंतीमागून गरम पाण्याचा पाइप गेला असेल. मागं तर ऊस आहे! संगीताच्या मोबाइलमध्ये त्या हाताचा फोटो आहे; त्यातलं अर्धं बोट लेकानंही मोठं करून बघितलं.

भिंत आता घासून लख्ख आहे. रोज उठताना एका हातानं दांडी धरते, दुसरा हात त्या जागी टेकवते. गारच लागते.

तरी म्हणते, "आत्याबाई, ठोकली बघा खुंटी."