घरचं माणूस येईपर्यंत

मास्तरांच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. खाली शिलाई मशीन सुरू झालं की माझी फरशी थरथरते आणि मला कळतं, मास्तर उठले.

मास्तर शिंपी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी परदेशात. रविवारी सकाळी तिचा फोन येतो, तेवढ्यापुरतं मशीन थांबतं. एरवी ते मशीनशीच बोलतात. "चल गं, एवढी शिवण काढ, मग तेल पाजतो," असं जिन्यात ऐकू येतं. राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, घरात आणखी कुणीतरी आहे.

संध्याकाळी ते शटर ओढून मैदानावर जातात. आसपासच्या पोरांना फुटबॉल शिकवतात. शिकवतात म्हणजे खरं तर सांभाळतात. गोल कसा मारायचा हे पोरं आपापसात शिकतात, मास्तरांचं लक्ष भलतीकडेच. लोखंडी गोलपोस्ट उलटून कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून त्यांनी जुन्या पँटींचे पाय शिवून त्यांत वाळू भरली आहे. ते पाय मागच्या दांडीवर आडवे टाकलेले असतात. लांबून वाटतं, गोलमागे कुणीतरी दमून पडलंय. नडगीला पॅड नसेल तर मास्तर आत सोडत नाहीत. कानातलं, अंगठी, कडं, सगळं त्यांच्या खिशात जातं. लहानांना डोक्याने चेंडू मारायची बंदी. मोठी पोरं चिडवतात, की आता आम्हाला उशा पण शिवून द्या. मास्तर म्हणतात, "माप दे."

डोक्याला लागलं की मात्र चेष्टा बंद. शिट्टी वाजते. मास्तर पोराशेजारी गुडघे टेकून बसतात आणि तीन गोष्टी विचारतात. आज कुणाशी खेळतोय? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला? चक्कर, मळमळ किंवा एकही चुकीचं उत्तर, की पोर बाहेरच्या बाकावर. तिथून परत आत नाही, कितीही रडलं तरी. त्याला एकटं बसवायचं नाही, शेजारी कुणीतरी हवंच. आणि घरचं माणूस न्यायला येईपर्यंत त्याने जागचं हलायचं नाही.

मी एम.ए. होऊन नोकरीच्या मागे होतो. संध्याकाळी खोली खायला उठायची. मास्तरांनी एकदा मला बाकावर कुणाशेजारी तरी बसायला बोलावलं आणि मग मी रोजच जाऊ लागलो.

मुंगी ही आमच्यातली सगळ्यात लहान पोरगी. एका रविवारी ती धावत येऊन एका मुलाच्या खांद्यावर आदळली आणि खाली पडली. मास्तर गेले. मीही गेलो. पहिली दोन उत्तरं तिने बरोबर दिली.

"शेवटचा गोल?"

"मी मारला," मुंगी ठणकावून म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शाब्बास. जा."

तो गोल मुंगीने मारलाच नव्हता. समोरच्या संघातल्या उंच मुलाने मारला होता आणि मुंगी तेव्हा बुटाची नाडी बांधत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तर चुकतील असं मला वाटेना. माझंच काहीतरी चुकलं असेल, असं वाटलं. खेळ सुरूही झाला होता.

घरी गेल्यावर मुंगीला उलट्या झाल्या. आईने तिला तडक दवाखान्यात नेलं. डोक्याला मार बसला होता. जिवावरचं नव्हतं, पण आधी पूर्ण विश्रांती, मग डॉक्टर सांगेपर्यंत खेळ बंद.

दोन दिवसांनी मुंगीची आई दुकानात आली. मी जिन्यात होतो. ती मास्तरांचे आभार मानत होती. उलटी झाली तर थांबायचं नाही, हे मास्तरांनी सगळ्या आयांना बजावून ठेवलं होतं, म्हणून मुलगी वेळेवर पोचली, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

ती गेली. मशीन सुरू झालं नाही. बराच वेळ फरशी थरथरली नाही, तेव्हा मी खाली उतरलो.

टेबलावर कापड पसरलं होतं. मुलाखतीसाठी मी शिवायला टाकलेली पँट.

"दोन्ही पाय डावे कापलेत," मास्तर म्हणाले. "काल कापले. आज कळलं."

कापड काय, दुसरं आणता येईल, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. कापडाचं नाही, म्हणाले.

"मुंगीचं उत्तर चूक होतं ना?"

हो म्हणालो. गोल समोरच्या उंच मुलाने मारला होता, हेही सांगितलं.

"मला माहीत नव्हतं. गेले बरेच दिवस उत्तर मलाच माहीत नसतं. पोर काय बोलतं ते सोडून कसं बोलतं ते बघतो. अडखळलं की बाहेर. ती अडखळली नाही."

मग ते तुटक तुटक सांगत गेले. डॉक्टरकडे एकदा जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर आणा, तुम्हाला काय आठवत नाही ते त्यांनाच सांगता येईल. त्यानंतर मास्तर गेलेच नाहीत. मुलीला कळवलं नव्हतं. कळलं तर ती सगळं टाकून येईल, आणि आली की परत कधी जाणार? मैदानावरही कुणाला सांगितलं नव्हतं. मैदान गेलं तर संध्याकाळी कुठे जायचं, एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी खडू खाली ठेवला.

"मला विचार."

"काय?"

"तेच. तीन."

मी विचारलं. रविवारी कुणाशी खेळलो, हे त्यांनी थोडं थांबून सांगितलं. मुंगी पडली तो दुसरा हाफ, हेही सांगितलं. शेवटचा गोल विचारल्यावर ते कापडाकडे बघत राहिले. आता तर तो आमच्या बोलण्यातच होता.

"मास्तर, नियम पोरांसाठी आहे."

"नियम मैदानासाठी आहे," ते म्हणाले, आणि शिट्टी त्या दोन डाव्या पायांवर ठेवली.

पुढच्या रविवारी त्यांनी पोरांना गोळा करून सांगितलं, आजपासून मी बाहेर. मग एक जण म्हणाला, "मास्तर, तुम्हाला रेड कार्ड कुणी दिलं?"

"मीच," मास्तर म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

मुंगी तिथे आधीच होती. खेळ बंद, पण बघायला आई घेऊन आली होती. तिने सरकून जागा दिली. मी शिट्टी घेऊन कडेला उभा होतो, त्यांचं बोलणं कानावर येत होतं.

"तुम्हाला काय लागलं?"

"डोकं."

"कधी?"

"तरुण होतो तेव्हा. गोलकीपर होतो. एकाचा गुडघा लागला. तसाच शेवटपर्यंत खेळलो. आम्ही जिंकलो म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?"

"मला आठवत नाही. लोकांनी सांगितलं."

मुंगीने जरा विचार केला. "मग तेव्हा का नाही बाहेर बसवलं?"

"कुणी विचारलंच नाही," मास्तर म्हणाले.

सामना संपला. कानातली, कडी ज्याची त्याला परत केली. मुंगीला आईने नेलं. जाताना मुंगीने मास्तरांना शेवटचा गोल कुणी मारला ते दोनदा सांगितलं. पोरं पांगली. वाळूचे पाय मी एकट्याने उचलून मैदानाकडेच्या सामानाच्या खोलीत ठेवले. ते इतके जड असतील असं वाटलं नव्हतं.

परत आलो तर मास्तर बाकावरच. हात मांडीवर, नजर फाटकाकडे. मला वाटलं, दमलेत. चला म्हणालो. ते उठले नाहीत. आणि मग माझ्या लक्षात आलं, ते का बसलेत.

मैदानावर आता कुणी नव्हतं.

"मास्तर, न्यायला आलोय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "तू घरचा का?"

"वरच्या खोलीतला."

त्यांनी थोडा विचार केला. पोराचं उत्तर ऐकून करायचे तसा.

"चालेल," ते म्हणाले. मग माझ्या दंडाला धरून उठता उठता विचारलं, "डॉक्टरकडेही येशील?"