दोन जुन्या इंग्रजी गोष्टी आणि माझ्या बहिणीचं पोर

एम.ए.ला मी इंग्रजी घेतलं तेव्हा आम्हाला मध्ययुगातल्या दोन गोष्टी होत्या. त्यांची तुलना सर वर्षानुवर्षं एकाच वहीतून सांगत आणि आम्ही ती उतरून घ्यायची. पेपरात शब्दाला शब्द तीच आली की मार्क पक्के.

पहिली गोष्ट एका सरदाराची. गरिबाघरची मुलगी तो बायको करून आणतो आणि तिचा धीर पाहायचा म्हणून तिची दोन्ही लेकरं काढून घेतो. मारून टाकली असं तिला वाटू देतो. पुढे तिलाही बापाच्या घरी हाकलतो. ती चकार शब्द काढत नाही. शेवटी तो म्हणतो, परीक्षा होती, पास झालीस, ही घे तुझी पोरं. ती सुखाने बेशुद्ध पडते. संपली गोष्ट.

दुसरीत एक सरदार वाटेत एका पोरीवर बलात्कार करतो. त्याला मरणाची शिक्षा होते. राणी त्याचा जीव वाचवते, अट एकच: बाईला काय हवं असतं ते वर्षभरात शोधून आण. एक म्हातारी त्याला उत्तर देते, बाईला सत्ता हवी असते, आणि बदल्यात त्याच्याशी लग्न करते. तो तिचं ऐकतो, तर ती तरणी, देखणी होते.

सरांची वही म्हणायची: पहिलीचं तात्पर्य सहनशीलता, कथन संयत. दुसरीचं तात्पर्य हट्ट, कथन वाचाळ. म्हणून पहिली श्रेष्ठ.

मी उभी राहिले. "सर, दुसऱ्या गोष्टीतली ती पोरगी कुठं गेली?"

"कोणती?"

"जिच्यावर बलात्कार झाला."

"ती केवळ निमित्त आहे. पुढे लिहा."

मागून एक जण ओरडला, "मोर्चा उद्या काढजो वं, आता लिवू दे!" वर्ग खदखदून हसला.

मी तेव्हा पत्रकं लिहीत होते, सायक्लोस्टाइल करून चौकात वाटत होते. मला वाटायचं, मला सगळं दिसतं. पण पहिल्या गोष्टीत मला राग कोणाचा यायचा? त्या बायकोचा! बोलत काहून नाही ही, म्हणून.

त्याच दिवसांत माझ्या मोठ्या बहिणीला नवऱ्याने कामठीहून हाकललं आणि चार वर्षांचा पोरगा ठेवून घेतला. ती दोनदा जाऊन आली. सासू दारातूनच म्हणाली, "पोरगं इथं नाही. कुठं हाय, ते इचारू नको." तीन आठवडे बहीण नीट जेवली नाही. मायला एकच विचारायची, "त्यायनं काही केलं त नसन ना वं माह्या पोराचं?" बाबा म्हणायचे, "होईन सगळं ठीक."

आमच्या वस्तीत असा तंटा रविवारी विहारात, वंदना झाल्यावर, पंचांपुढे जातो. निकालाचा कागद वस्तीतलं शिकलेलं माणूस लिहितं. ते माणूस मी होते.

सगळ्यांत म्हातारे पंच मला सांगू लागले, "लिव पोरी. मुलगी सासरी नांदन. उलटून बोलणार नाही."

"पयले माहा पोरगा सांगा," बहीण म्हणाली.

तिचा नवरा हसला. "मजेत हाय पोरगा. कन्हानले हाय, माह्या बहिणीकडं. हे वळणावर येते का नाही, पाहून राहिलो होतो."

पंच हसले. बाबाही हसले. "मी म्हणत नव्हतो?"

मी लिहिता लिहिता थांबले. "बाबा, तुमाले माहीत होतं?"

"जवाई बोलले होते मिलच्या गेटावर. हिले सांगतलं असतं त हे कायले नांदाले तयार झाली असती?"

पेन हातात धरून मला ती पहिली गोष्ट कळली. सरदार लेकरं मारत नाही, नोकराहाती आपल्या बहिणीकडे पोचवतो, हे गोष्ट सांगणारा आपल्या कानात आधीच सांगून टाकतो. मग आपण निवांत बसून तिच्या धीराचं कौतुक करतो. सरदाराला ठाऊक, नोकराला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. अंधारात एकटी ती. याला संयत कथन म्हणतात? हा कट आहे, आणि वाचताना मीही त्यात सामील होते. दुसरी गोष्टही धुतल्या तांदळाची नाही, त्या पोरीला ती विसरते. तरी माझे मार्क तिलाच. तिथे निदान पुरुषाला वर्षभर पाय झिजवत बायकांना विचारत फिरावं लागतं.

मी कागदावर लिहिलं: नवऱ्याने पोर लपवलं. मुलीच्या बापाला ते माहीत होतं.

पंच कागद वाचू लागले आणि भडकले. "हे काहून लिवलं? खोड ते! बापाची इज्जत काढतं का?"

"खोडणार नाही. सही करा, नाही त नका करू."

कोणी सही केली नाही. बहीण मात्र चपला घालून पायरीवर उभी होती. "चाल," ती मला म्हणाली. बाबांनी हाक मारली. ती वळली नाही.

कन्हानला नणंदेच्या अंगणात पोरगा मातीत गाडी फिरवत होता. आईला पाहून तो धावला नाही. लांबूनच म्हणाला, "तू बरी झाली का?"

आई दवाखान्यात आहे, रडलास तर ती बरी होणार नाही, असं त्याला सांगून ठेवलं होतं.

"मोठा शायना हाय," नणंद कौतुकाने म्हणाली. "एक डाव रडला नाही."

बहिणीने त्याला उचललं, पदराने त्याचं तोंड पुसलं. "मी बरी झाली," ती म्हणाली. "आता रड."