आडवी बेरीज, उभी बेरीज

अकोल्याच्या एका शेतकी कॉलेजात मी आकडेमोडीला होतो. साठच्या दशकाची अखेर. घर अमरावतीला आणि संगणक मुंबईत. भोकं पाडलेल्या कार्डांचा खोका मांडीवर घेऊन गाडीने जायचं आणि मशीन रिकामं होईस्तोवर बाकड्यावर बसायचं. खरं सांगतो, जीव विटला होता.

आमचे साहेब पातूरकडचे, शेतकऱ्याघरचे. कपाशीच्या एका वाणावर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती; त्याचं बियाणं होतं थैलीभरच, ते त्यांनी घरी जपून ठेवलं होतं. यंदाच्या हिशेबात तो वर आला तर बियाणं पुढे जाणार, नाहीतर काम बंद, असं ठरलं होतं.

हिशेबाचे भाग दोन. माझा फॉरट्रान भाषेत, दुसरा मुंबईच्या एका गृहस्थांनी मशीनच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेला. दोन्ही जोडून चालवायचे. तक्ता आडवा भरायचा की उभा, असं मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "आडवा काय न उभा काय, डवऱ्याले सारखाच." आमच्याकडे कपाशी चौफुलीवर, म्हणजे दोन्हीकडे सारख्या अंतराने लावतात, त्यामुळे तण काढायचा डवरा आडवा-उभा दोन्हीकडून फिरतो. मलाही ते पटलं.

तक्ता चौरस, जितके वाण तितकेच शेताचे पट्टे, त्यामुळे मशीन कुठे अडलं नाही. निकाल आला, साहेबांचा वाण तळाला. कागद पाहून त्यांनी त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मशीनचं अन् माहं काय वैर हाय? माहेच डोये धोका खाऊन राह्यले होते."

मला चैन पडेना. पुन्हा खोका उचलला, मुंबई गाठली. दोन्ही भाग वेगवेगळे तपासले, दोन्ही बिनचूक. फॉरट्रान तक्ता उभ्या ओळींनी ठेवायची, त्या गृहस्थांचा भाग आडव्या ओळींनी वाचायचा. त्यामुळे वाणाच्या नावापुढे बेरीज येत होती शेताच्या एका पट्ट्याची, आणि साहेबांच्या वाट्याला आला होता पाणथळ पट्टा. तक्ता फिरवून दिला. वाण पहिला आला.

एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. अकोल्याला उतरून थेट त्यांच्या घरी गेलो. साहेब गोठ्यात होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला नाही. ते थैलीभर बियाणं कुठे आहे, मी विचारलं.

"सरकीच होती ते," म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले. "इले भिजवून घातली. आज सकायी संपली."